प्रायश्चित्तकाळ ते पुनरुत्थान : कर्जत-खालापूर परिसरातील उपासना

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले कर्जत व खालापूर हे तालुके मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. मुंबईतील भाविकांप्रमाणे येथील कॅथलिक कुटुंबे मात्र ख्रिस्तमंदिराच्या आसपास एकवटलेली नाहीत. नोकरी व घरांच्या निमित्ताने ती नेरळपासून खोपोली-रसायनीपर्यंत विखुरली आहेत. अशा बंधुभगिनींसाठी वसंतऋतूतील उपासनांची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

तारखा

21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा रविवार होय. 2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार 29 मार्च, उत्तम शुक्रवार 3 एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार 5 एप्रिल आणि पेंटेकॉस्ट 24 मे असा क्रम आहे. 2027 मध्ये पौर्णिमा 22 मार्चलाच येत असल्याने सण लवकर येतात : राखेचा बुधवार 10 फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार 21 मार्च, उत्तम शुक्रवार 26 मार्च, पुनरुत्थानाचा रविवार 28 मार्च आणि पेंटेकॉस्ट 16 मे. त्या वर्षी आपला पवित्र आठवडा व गावोगावचा शिमगा एकाच वेळी येईल. प्रवासाचे नियोजन करताना याचे भान ठेवावे.

उपवास

राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवशी उपवास व मांसवर्जन पाळावयाचे असते. 14 वर्षे पूर्ण झालेल्यांना मांसवर्जनाचा, तर 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत उपवासाचा नियम लागू आहे. आजाऱ्यांना त्याची सक्ती नाही. उन्हात अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांनी आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा.

तीन पवित्र दिवस

आज्ञा गुरुवारी सायंकाळी प्रभुभोजनाचा मिस्सा व पाय धुण्याचा विधी होतो. 2016 पासून या विधीसाठी स्त्रियांचीही निवड करता येते. उत्तम शुक्रवारी जगात कोठेही मिस्सा होत नाही. त्या दिवशी दुःखसहनाचे वाचन, सर्वांसाठी प्रार्थना, क्रुसाची आराधना व कम्युनियन असा क्रम असतो. अंथरुणास खिळलेल्यांना शुक्रवारी कोणत्याही वेळी घरी कम्युनियन देता येते, शनिवारी मात्र ते केवळ मरणासन्न व्यक्तीलाच देता येते. म्हणून घरातील रुग्णांची नावे धर्मगुरूंना आधीच कळवावीत.

शनिवारचा जागरणविधी अंधार पडल्यानंतरच सुरू करावयाचा असतो. नवा अग्नी, पास्काची मेणबत्ती, तारणाच्या इतिहासाची वाचने आणि स्नानसंस्कार हे त्याचे प्रमुख भाग होत.

एकत्र की वेगवेगळे?

आपल्या वस्तीतच हे विधी व्हावेत, ही लहान समूहांची इच्छा स्वाभाविक आहे. तथापि भाविक व सेवक थोडे असल्यास त्यांनी मोठ्या ख्रिस्तमंदिरात एकत्र यावे, असे 16 जानेवारी 1988 च्या रोमच्या परिपत्रकात सांगितले आहे. यात लहान समूहांना कमी लेखण्याचा हेतू नाही. हे विधी संपूर्ण समाजाने एकत्र येऊन करावयाचे आहेत, हे त्यामागील कारण होय. परंतु रात्री उशिरा परतीची सोय नसेल, तर वृद्ध व गरीब नेमके याच विधीला मुकतात. एकत्र येण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यांना आणण्याची व पोहोचविण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

जे येऊ शकत नाहीत

या परिसरातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडी परततात. मजुरीसाठी असे दूर गेलेले आपले कोणी भाविक असल्यास त्यांचा पवित्र आठवडा परमुलखातच सरतो. वर्षातून एकदा तरी कम्युनियन घ्यावे व ते पुनरुत्थानकाळात घ्यावे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मात्र योग्य कारण असल्यास तो वर्षभरात अन्य वेळीही पाळता येतो. मजुरीसाठी दूर राहिलेल्या भाविकाने म्हणून स्वतःला दोषी मानू नये. परतल्यावर धर्मगुरूंना भेटावे.

विधींच्या वेळा व भाषा आपल्या ख्रिस्तमंदिराच्या सूचनाफलकावर पाहाव्यात. ज्यांच्याकडे वाहन आहे, त्यांनी शनिवारी रात्री निघण्यापूर्वी शेजारच्या एका तरी कुटुंबास विचारावे, ही आमची नम्र विनंती. पुनरुत्थित प्रभूचा आनंद सर्वांच्या घरी पोहोचो!