सेक्टर १० च्या खालचा समुद्र

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये उभे आहात तिथूनच मागे चला. क्वार्टर विरतात, रस्ते पुसले जातात, भातखाचरं उरतात. हे १९५५ साल. दुर्ग जिल्ह्याचा कारभार अजून नागपुरातून चालतो, आणि फेब्रुवारीत पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आहे. जरा पुढे सरका: ४ फेब्रुवारी १९५९. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन करताहेत. भट्टीच्या तोंडातून लोहखनिज, कोक आणि चुनखडी आत जाते.

त्या चुनखडीचा माग काढत नंदिनीच्या खाणीत उतरा. थरामागून थर, शंभर कोटी वर्षांच्या आसपास. गुडघाभर उथळ समुद्र. मासा नाही, काठावर गवताचं पातं नाही. हवेत प्राणवायू इतका विरळ, की तुमचा जीव घुसमटेल. पाण्यात सूक्ष्मजीवांच्या बुळबुळीत साई वाढताहेत, आणि त्यांच्याभोवती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून खडक होतो आहे. फार सावकाश.

भट्टीत हेच उलटं घडतं. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो वायू सुटतो. हिर्रीच्या खाणीतून येतो त्या डोलोमाइटमधून, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या कार्बोनेट दगडातून, सुमारे ४८. कारखान्याच्या वायूत मोठा वाटा कोळशाचाच, हे खरं. तरीही दगड व्हायला ज्याला युगं लागली तो वायू काही तासांत मोकळा होतो, याने मी अस्वस्थ होतो.

आता २०१२ मध्ये या, आइसलँडला. पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड खोल बेसाल्टमध्ये सोडला जातोय. ते आंबट पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवून घेतं आणि भेगांत कार्बोनेट साठू लागतं. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायू दगड झाला! तसाच काळा पाषाण आपल्याकडे नागपूरच्या सीताबर्डी टेकडीपासून सह्याद्रीपर्यंत पसरलेला आहे. मॅग्नेशियमने भरलेलं ऑलिव्हिन तर आणखी गुणाचं: साधारण १.६ टन खनिजात एक टन वायू कायमचा बांधला जाऊ शकतो. अडचण एवढीच, की ते खणायला आणि बारीक दळायला भरपूर ऊर्जा लागते.

म्हणून सुरुवात स्लॅगपासून, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या मळीपासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. झोतभट्टीचा स्लॅग सिमेंटला जातो. पोलाद बनवताना निघणाऱ्या स्लॅगमध्ये मात्र मोकळा चुना आणि मॅग्नेशिया उरतो. ओल लागली की तो फुगतो आणि त्याच्यावर केलेला रस्ता उखडतो. त्याला आधीच कार्बन डायऑक्साइड पाजला, तर फुगणं आटोक्यात येतं आणि वायूही अडकतो. सगळा वायू त्यात मावणार नाही, थोडाच मावेल. पण तो दगड खणावा लागत नाही, कारखान्याच्या आवारातच पडलेला असतो. तुमच्या घरातलं कुणी पोलाद कारखान्यात असेल, तर त्या ढिगाचं काय करता, हे त्यांना जरूर विचारा.