मालिकेतील बातमीदार आणि बारडोलीचे प्रेक्षक

‘स्कॅम १९९२ : द हर्षद मेहता स्टोरी’ ही हिंदी मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सोनी लिव्ह’वर आली, तेव्हा बारडोलीत तिचे स्वागत घरच्या कार्यासारखे झाले. नायक प्रतीक गांधी सुरतचा. मग काय विचारता! आमच्या मराठी घरांतील मुलेही त्याचेच संवाद म्हणू लागली.

मालिकेचा आधार मात्र सुचेता दलाल व देबाशिष बसू या पत्रकारांचे पुस्तक आहे. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेताबाईंची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली, स्टेट बँकेच्या रोखे-व्यवहारातील तूट उजेडात आली आणि थोड्याच दिवसांत बाजार कोसळला. ती बातमी नसती तर ही कथाच घडली नसती. तरीही शीर्षकात नाव आले ते शेअरदलालाचे, दलालबाईंचे नव्हे! प्रेक्षकांची हळहळही त्याच्याच वाट्याला गेली. सामान्य घरातून वर आलेल्या माणसाविषयी व्यापारी मुलखास जिव्हाळा वाटणारच. पण बातमी देणारी बाई कित्येकांना चक्क विघ्न वाटली, हे आम्हांस खटकले.

१९२८ च्या सत्याग्रहात याच तालुक्यातील शेतकरी जुगतराम दवे यांच्या देखरेखीखाली निघणाऱ्या ‘सत्याग्रह पत्रिके’ची वाट पाहत. जप्तीच्या वार्ता तिच्यातूनच गावोगाव पोहोचत. पुढे ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीअंती सुमारे २२ टक्क्यांची सारावाढ ६.०३ टक्क्यांवर आली. सरकारी दफ्तरात आयुष्य घालवलेल्या आम्हांस हे आकडे पाठ आहेत. सुचेताबाईंना २००६ साली पद्मश्री मिळाली, हे मात्र मालिका पाहिलेल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.