पाळ कुणाची, राखण कुणाची

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजाचा मोती तलाव जाधव घराण्याच्या काळातला. १६२९ मध्ये देवगिरीवर या घराण्यातल्या लखुजी जाधवांची हत्या झाली. तलाव मात्र गावाजवळ राहिला.

भंडारा-चंद्रपूरकडे तलाव मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, मालकीचे होते. कोहळी समाजातल्या जाणकारांनी जागा हेरून पाळी घातल्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ साचत राहिला. बुलढाणा वऱ्हाडातला; तिथे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत असल्याने असा मालगुजार नव्हताच.

पाळ म्हणजे मातीचं धरणच, आणि त्याचे शत्रू साधेच: पाळीवर वाढलेलं झाड, घुशींची बिळं, तुंबलेला सांडवा. पाणी पाळीवरून वाहू लागलं की माती बघता बघता कापली जाते. पायथ्याशी गढूळ पाझर दिसला, तर आतून माती वाहून जाते आहे असं समजावं. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. ती ऐकायलाच हवी होती!

बुलढाण्यात २०१८ पासून भारतीय जैन संघटना आणि प्रशासनाने तलावांतला गाळ उपसायला यंत्रं उतरवली. तलावांतली माती महामार्गाच्या भरावाला देणं ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजलं. गाळ काढल्याने साठा वाढतो. पण खोदाई पाळीच्या पायथ्यापासून लांब ठेवावी लागते, नाहीतर पाळीचा उतार खचतो.