इंजिनाचे ‘मिसिंग’ आणि तेलगळती : तक्रारी दोन, मूळ अनेकदा एकच

मुंबई-गोवा महामार्ग सोडून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे वळणाऱ्या गाड्यांमध्ये ठेंगण्या बांधणीच्या स्पोर्ट्स कारही अधूनमधून दिसतात. अशी गाडी घाट चढताना धक्के देऊ लागली आणि मुक्कामी पोहोचल्यावर तिच्याखाली तेलाचे थेंब आढळले, तर मालकाची झोप उडते. या गाड्यांची अधिकृत सेवा केंद्रे बहुधा मोठ्या शहरांत असतात. त्यामुळे पहिले निदान स्थानिक गॅरेजलाच करावे लागते. घाईने कॉइल, प्लग, सेन्सर बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो. मिसिंग आणि तेलगळती या तक्रारी एकाच वेळी आल्या, तर त्यांचे मूळ एकच आहे का, हे आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

‘मिसिंग’ म्हणजे काय?

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगात एका सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० वेळा ज्वलन होते. यातील काही ज्वलने हुकली, की गाडी थरथरते, पिकअप कमी होतो आणि सायलेन्सरचा आवाज तुटक येतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात.

ज्वलनासाठी वेळेवर पडणारी ठिणगी, हवा-इंधनाचे योग्य मिश्रण आणि पुरेसे कंप्रेशन या तीन गोष्टी लागतात. तपासणी याच क्रमाने करावी, कारण ठिणगीची तपासणी स्वस्त व सोपी असते, तर कंप्रेशनचा दोष सर्वांत खर्चिक असतो.

तेलाचा संबंध कुठे येतो?

आधुनिक पेट्रोल इंजिनांत स्पार्क प्लग बहुधा हेडच्या मधोमध, खोल नळीसारख्या खाचेत बसवलेले असतात. या खाचा टॅपेट कव्हरमधून जातात. कव्हरचे रबरी पॅकिंग किंवा नळीभोवतीची सील उष्णतेने कडक झाली, की तेल खाचेत झिरपते आणि प्लगवरील कॉइलचे रबर त्यात भिजते. रबर फुगते, तडकते आणि विजेचा दाब प्लगच्या टोकाऐवजी बाजूने निसटतो. तेच तेल कव्हरच्या कडेने खाली ओघळून जमिनीवर थेंब पडतात. अशा वेळी केवळ कॉइल बदलल्यास गाडी काही दिवस सुरळीत चालते, मग नवी कॉइलही तेलात भिजते.

महागड्या गाड्याही याला अपवाद नाहीत. पोर्शेने १९९७ मध्ये आणलेल्या ‘९११’च्या ‘९९६’ पिढीत प्लगच्या नळ्यांच्या रिंगांतून होणारी गळती ही जाणकारांच्या परिचयाची तक्रार आहे. त्या इंजिनात सिलिंडर आडवे असल्याने प्लग बाजूला असतात आणि तेल खाली टपकते.

पहिली पायरी : स्कॅनर

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या मोटारींत दोष नोंदवणारी संगणकीय यंत्रणा असते. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांतही ती आढळते. ‘पी०३००’ हा संकेत अनेक सिलिंडरांतील अनियमित मिसिंग दाखवतो. ‘पी०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी०३०२’ म्हणजे दुसरा, याप्रमाणे पुढचे संकेत वाचावेत. मात्र पहिला सिलिंडर कोणत्या बाजूचा, हे कंपनीनुसार बदलते. ते पुस्तिकेत पाहावे. संकेत दोष कुठे आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही.

दुसरी पायरी : प्लगची खाच

थंड इंजिनावर, इग्निशन बंद ठेवून कॉइल काढावी आणि खाचेत विजेरीने पाहावे. खाचेत तेल असेल, तर प्लग उघडण्यापूर्वी ते कापडाने किंवा पिचकारीने पूर्ण काढावे. अन्यथा तेल आणि कचरा सिलिंडरमध्ये उतरतो.

प्लग हातात आल्यावर तेल कोणत्या भागावर आहे, हे नीट पाहावे. वरच्या पांढऱ्या चिनी मातीवर व षटकोनी भागावर तेल असेल, तर गळती बाहेरून, म्हणजे टॅपेट कव्हर किंवा नळीच्या सीलमधून आहे. ठिणगी पडते त्या टोकावर ओले तेल असेल, तर ते सिलिंडरच्या आतून येत आहे आणि संशय व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंगांवर जातो. पहिला दोष तुलनेने अल्प खर्चात दुरुस्त होतो, दुसऱ्यासाठी इंजिन उघडावे लागू शकते. टोकावरील कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोल दर्शवते, तर पांढुरके टोक कमी पेट्रोल किंवा जादा उष्णता सुचवते.

खाच कोरडी असेल, तर संशयित सिलिंडरची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून गाडी चालवावी. संकेतही त्या सिलिंडरवर सरकला, तर कॉइल खराब आहे. सरकला नाही, तर प्लग आणि मग इंजेक्टर याच रीतीने तपासावेत. चालू इंजिनावर कॉइलची जोडणी उपसून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. त्यात विजेच्या झटक्याचा धोका असतो, शिवाय न जळालेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते.

तिसरी पायरी : कंप्रेशन

ठिणगी व इंधन दोन्ही निर्दोष ठरल्यास कंप्रेशन मोजावे. सर्व प्लग काढून, इंधन व इग्निशन तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवावा. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढल्यास रिंगा झिजल्या असण्याची शक्यता असते, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी कमी दाखवत असतील, तर दोघांमधील हेड गॅस्केट फुटल्याचा संशय बळावतो.

गळतीचा उगम शोधताना

तेल खाली ओघळते आणि धावत्या गाडीखालील वारा ते मागे नेतो. म्हणून थेंब पडतो तिथे दोष असतोच असे नाही. इंजिन स्वच्छ पुसून कोरडे करावे, पंधरा-वीस मिनिटे चालवावे आणि सर्वांत वरचा ओला भाग शोधावा. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल पडत असेल, तर क्रँकशाफ्टच्या मागील ऑइल सीलवर ठपका ठेवला जातो. ते सील बदलायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातील तेलही तिथेच ओघळते. ते तपासल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नये.

इंजिनातील वायू बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तर आतील दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. नवे पॅकिंग पुन्हा गळू लागले, तर आधी हा व्हॉल्व्ह पाहावा.

पॅकिंग बसवताना दोन्ही पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ हवेत. कव्हरचे छोटे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने व मापाने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. जास्त आवळल्यास कव्हर वाकते आणि पॅकिंग बाहेर ढकलले जाते.

किनारपट्टीचे खास दोष

खाऱ्या हवेमुळे कॉइलच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो आणि मिसिंग कधी येते, कधी जाते. पावसात किंवा दाबाच्या पाण्याने इंजिन धुतल्यावरच मिसिंग होत असेल, तर खाचेत पाणी शिरले आहे किंवा रबर तडकले आहे, असे समजावे. चतुर्थीला गावी येऊन बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्याचेही आढळते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतील ओलावा शोषते. म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असल्यास टाकी भरलेली ठेवावी.

स्पोर्ट्स कारची जमिनीपासूनची उंची कमी असते. वाडीकडे जाणाऱ्या वाटेवरील जांभ्या दगडावर किंवा गतिरोधकावर तेलाचे चेंबर आपटून तडा जाऊ शकतो. आंबोली किंवा करूळ घाटात तेलाची पातळी खाली गेलेली असेल, तर तीव्र वळणावर तेल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळण्याचा धोका निर्माण होतो.

सुटे भाग इंजिनाच्या नावाने

शेजारच्या गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी मोटारीत रेनोचे ११४९ सीसीचे ‘डी७एफ’ इंजिन होते. तेच इंजिन युरोपातील ट्विंगो व क्लिओ गाड्यांतही होते. दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी अवंती’तही रेनोचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन वापरले गेले. अशा मोजक्या संख्येने बनलेल्या गाड्यांचे पॅकिंग मोटारीच्या नावाने मिळणे कठीण असते, इंजिनाच्या संकेतांकाने ते मिळण्याची शक्यता अधिक असते.

गाडी केव्हा पुढे नेऊ नये?

- तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.
- इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असल्यास मिसिंग गंभीर आहे. न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टर तापवते. वेग कमी करून सुरक्षित जागी थांबावे.
- जळक्या तेलाचा वास किंवा बॉनेटखालून धूर आल्यास तेल तप्त एक्झॉस्टवर पडत असावे. आगीचा धोका असल्याने सुक्या गवतावर गाडी उभी करू नये.
- डिपस्टिकवर तेल किमान खुणेखाली असल्यास योग्य दर्जाचे तेल भरल्याशिवाय घाट चढू नये.

यांपैकी पहिल्या तीन लक्षणांत गाडी दोरीने ओढत न नेता सपाट ट्रकवर चढवून न्यावी. त्याचे भाडे जळालेल्या इंजिनाच्या खर्चापुढे किरकोळ ठरते. काढलेले जुने तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते परसात, ओहोळात किंवा खाडीत न ओतता डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावे.