लाभ, दोन, तीन

आमची आजी धान्य मापताना 'एक' कधी म्हणायची नाही. पहिली पायली पोत्यात पडली की 'लाभ', मग 'दोन', मग 'तीन'. एक म्हटलं की धान्याला एकटेपण येतं, असं ती सांगायची. धाकटी चुलती मात्र वेगळंच कारण द्यायची, ते आता आठवत नाही. मी पहिलीत गेलो तेव्हा गुरुजींनी आकडे म्हणायला लावले आणि मी 'लाभ, दोन, तीन' अशी सुरुवात केली. गुरुजींनी कान पिळला. घरी येऊन रडलो तर आजी म्हणाली, "त्यांच्या घरी धान्य मापत नसतील रं."

निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही तिची मापं. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, फक्त पायलीनंतर एकदम सोळा पायल्यांचा मण. मग 1958 पासून किलो यायला लागला आणि 1962 पर्यंत कायद्यानं शेर गेला. आजीनं हा बदल एका वाक्यात पचवला, "किलो म्हणजे शेर, आणि वर एक मूठ." हे मला कित्येक वर्षं अडाण्याचं गणित वाटायचं. पुढे नोकरीत असताना एकदा सहज हिशोब करून पाहिला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. वर राहिले सदुसष्ट. आजीच्या मुठीत शेंगदाणे बसायचे ते साधारण तेवढेच.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, बेल्ह्याच्या अंगाला. बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. बैलांचा बाजार म्हणून त्याचं नाव लांबवर, पण आजीच्या लेखी तो माळव्याचा बाजार. आदल्या संध्याकाळी विहिरीवरच्या चार वाफ्यांतून मेथी, शेपू, वांगी, गवार निघायची. मेथीच्या जुड्या बांधायला केळीचं सोपट. पाटीवर ओलं फडकं. पहाटे चांदणी असताना पाच-सहा बायका निघायच्या. अंतर किती, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. आजी पाच कोस म्हणायची, तात्या म्हणजे आजोबा तीन. तात्या बैलगाडीतून जायचे आणि आजी डोक्यावर पाटी घेऊन, तेव्हा दोघांचंही खरं असेल.

बाजारात जागा ठरलेली. लिंबाखाली आमच्या गावच्या बायका, पलीकडे बांगडीवाला, त्याच्यापुढे कोकणातून घाट चढून आलेलं सुकट आणि बोंबील. नाणेघाटाच्या माथ्यावर तो मोठा दगडी रांजण आहे ना, तो जकातीचा, असं सांगतात. म्हणजे आमच्याकडचं धान्य खाली आणि खालचं मीठ-मासळी वर, हे सातवाहनांपासून चाललेलं. आजीला सातवाहन माहीत नव्हते. मेथीच्या दोन जुड्यांना बोंबलाचा केवढा वाटा यायला हवा, ते माहीत होतं.

ग्रामपंचायतीचा माणूस पावती फाडत यायचा. तो आला की आजी अर्धी पाटी लुगड्याच्या पदराखाली सारायची, असं चुलती सांगते. आजीला विचारलं तर ती म्हणायची, "काय बाई तरी!"

पण बाजाराला ती एवढ्या ओढीनं का जायची, ते मला फार उशिरा कळलं. तिचं माहेर बेल्ह्याच्या पलीकडे. सासुरवाशिणीला माहेरी जायला मिळायचं ते नागपंचमीला नाहीतर दिवाळीला, तेही सासूच्या मर्जीनं. पण तिची आईही सोमवारी बाजार करायची. दोघी बांगडीवाल्याच्या पालाशी भेटायच्या. आई पदराच्या गाठीला बांधून तिळाचा किंवा शेंगदाण्याचा लाडू आणायची, तो तिथंच उभ्यानं खायचा. घरी न्यायचा नाही, कारण मग विचारणा व्हायची. कोण आजारी, कुणाची गाय व्याली, कुठल्या भावाचं लग्न ठरतंय, सगळं अर्ध्या तासात. बांगडीवाल्यानं त्यांना कधी उठवलं नाही. आजी म्हणायची, "त्यालापन लेकी व्हत्या."

आठवड्याचा सगळा गाडाच बाजारावर चालायचा. शेतावरच्या बायकांची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी द्यायची, म्हणजे तेल-मीठ-मिरचीला पैसा हातात. उधारीचा वायदाही "पुढच्या बाजाराला". शेजारच्या गावांचे वार मुद्दाम वेगवेगळे असायचे, म्हणजे कापडवाला, भांड्यांना कल्हई लावणारा, शेव-रेवडीवाला वाराप्रमाणे फिरत राहायचा. चाकणचा शनिवार, बेल्ह्याचा सोमवार. गावचा पैसा गावातून निघायचा आणि दोन-तीन बाजार हिंडून बहुधा गावातच परत यायचा. कुठल्याही पुस्तकात न वाचता मला अर्थशास्त्र म्हणून जे थोडंफार कळलं, ते एवढंच.

तात्यांचा बाजार वेगळा. भुईमुगाच्या शेंगा आणि गूळ ते गाडीत घालून मोठ्या पेठेला न्यायचे. तिथं हत्ता चाले. अडत्या आणि व्यापारी उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. एक बोट म्हणजे रुपया की दहा, हे त्या दोघांनाच ठाऊक. मालाचा धनी शेजारी उभा, उपरणं हलताना बघत. तात्या ते करून दाखवायचे. माझा हात पंचाखाली घेऊन दोन बोटं दाबायचे आणि विचारायचे, "सांग, काय भाव झाला?" मी "दोन" म्हणायचो. "झालास शेतकरी!" म्हणून हसायचे. मग भावातून अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि वर कडता म्हणून मापातून धरलेले शेर-दोन शेर. धर्मादायावर त्यांचा फार राग. "धर्म माझ्या पैशानं, अन् पाटी त्यांच्या नावाची," म्हणायचे.

या तक्रारी काही एकट्या तात्यांच्या नव्हत्या. वऱ्हाडात कारंज्याला 1886 साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. त्यात साहेबाला शेतकऱ्याचा कळवळा होता असं नव्हे, मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता. पण एकदा बाजाराला नियम असू शकतात हे दिसलं, आणि मग 1928 चा शेती आयोग, मुंबई इलाख्याचा 1939 चा कायदा, महाराष्ट्राचा 1963 चा, अशी पावलं पडत गेली. हत्ता बंद झाला, उघड लिलाव आला. तोलाईला परवाना लागला, समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आले. तात्यांनी हे सगळं पाहिलं. पहिल्या उघड लिलावाहून आले तेव्हा ते इतके खुशीत होते की येताना भजी घेऊन आले होते, ही घरची दंतकथा. गारढोण भजी, कागदाला चिकटलेली, पण आजीनं जपून सात वाटे केले.

तरी एक गोष्ट बदलली नाही, आणि ती बोलण्यातून कळते. मोठ्या बाजारातून परतलेल्या माणसाला गावात विचारायचे, "काय भाव निघाला?" आठवडी बाजारात आजीला मात्र गिऱ्हाईक विचारायचं, "काय भाव लावला?" भाव निघणं आणि भाव लावणं. तात्यांच्या सगळ्या हयातीत त्यांच्या मालाला भाव निघत राहिला. लावायची वेळ एकदाच आली.

त्याची गोष्ट अशी. आजीला ताप होता आणि मेथी तोडलेली. सोमवारी तात्या स्वतः पाटी घेऊन लिंबाखाली बसले. फेटा बांधलेला धिप्पाड गडी, बायकांच्या रांगेत. पहिल्या बाईनं विचारलं, "काय भाव लावला, दादा?" तात्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "तुम्हीच काय ते सांगा." मग काय, सगळा बाजार त्यांच्याकडे लोटला. तासाभरात पाटी रिकामी. घरी आलेला पैसा बोंबलाच्या एका वाट्यालाही पुरला नाही. आजी ही गोष्ट पुढे चाळीस वर्षं सांगत होती. तात्या गेल्यावर तेराव्याला जमलेल्या बायकांनाही सांगितली, आणि हसता हसता रडली.

बाहत्तरचा दुष्काळ मी दहा वर्षांचा असताना पाहिला. त्या वर्षी बेल्ह्याला माळवं जवळजवळ नव्हतंच. बैल मात्र एवढे आले की दावणीला जागा नाही. आणणाऱ्याला परत न्यायचे नव्हते, कारण वैरण नव्हती. आमची खिलारी जोडी तेव्हाच गेली. किती पैशांत गेली ते तात्यांनी घरात कधी सांगितलं नाही. आम्ही मुलं खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी आणि तांबडी मिलो खात होतो. मिलोच्या भाकरीला आजी ज्वारी म्हणायला तयार नव्हती.

मग कुकडीचा कालवा आला आणि सगळं पालटलं. बाजरी-हुलगे मागे पडले, टोमॅटो आला. नारायणगावचा टोमॅटो आज देशभर जातो. पण कालव्यावरचा दहा एकर टोमॅटो लिंबाखाली बसून विकता येत नाही. नानाकाका रात्री ट्रकबरोबर मोठ्या शहरातल्या बाजारात जायचे आणि दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन यायचे. एका वर्षीची पट्टी अजून घरच्या पेटीत आहे. भाडं, हमाली, वाराई, तोलाई, अडत वजा जाता अडत्याचंच नानांकडे काही येणं निघालं होतं. म्हणजे टोमॅटो द्यायचा आणि वर पैसेही. आजीनं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "त्यांनी मूठ कुठं घातलीया?"

मी शिकायला पुण्यात आलो तेव्हा एकदा आजीला महात्मा फुले मंडई दाखवायला नेलं. पूर्वी भाजीचा बाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरायचा. ही इमारत 1886 ची, म्हणजे कारंज्याच्या बाजाराच्याच वयाची. तेव्हा नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. आजी मधल्या उंच अष्टकोनी मनोऱ्याखाली मान वर करून उभी राहिली. मला वाटलं दिपली. ती म्हणाली, "एवढ्या उंच छपराचा पैसा कुनाच्या भाजीतनं काढला?" जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांनी त्याच इमारतीला त्यांचंच नाव दिलं. हे मी नंतर वाचलं. आजीला सांगायचं राहून गेलं.

2016 च्या जुलैत महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. पाठोपाठ पणन मंडळानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले, सावता माळ्यांच्या नावानं. अरणच्या मळ्यात भाजीतच देव पाहणाऱ्या संताचं नाव, निवड चांगली होती. कल्पना तशी आपलीच पहिली नव्हे. पंजाबात 1987 पासून अपनी मंडी होती, आंध्रात आणि तमिळनाडूत 1999 मध्ये असे बाजार आले. पण बेल्ह्याचा सोमवार आठवला की मला प्रश्न पडतो, यात नवं ते काय? नवं एवढंच, की पाटी गावच्या बाजाराऐवजी थेट शहरातल्या सोसायट्यांच्या दारात आली.

माझ्या चुलतभावाची सून अशाच एका बाजारात बसते, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. गावातले सातजण मिळून टेम्पो करतात. सूनबाई पदवीधर आहे, चारचाकी चालवते. भावाची पाटी खडूनं लिहून टांगलेली, काट्यावर लाल आकडे, पैसे घ्यायला चौकोनी ठिपक्यांचा कागद. मोठ्या बाजारात किलोला मिळेल त्याच्या दीडपट, कधी दुप्पट पदरात पडतं, असं ती म्हणते. पण टेम्पोचं भाडं, मोडलेला दिवस आणि पावसानं गिऱ्हाईक आलं नाही तर उरलेली कोथिंबीर, हेही तीच सांगते. टोमॅटो अजून नारायणगावलाच जातो. इथं येतं ते विहिरीवरच्या चार वाफ्यांतलं, आजीच्याच वाफ्यांतलं.

मी दर आठवड्याला जातो. भाजी लागते म्हणून थोडं, आणि गावचं कळतं म्हणून जास्त. कोण आजारी, कुणाची गाय व्याली. परवा ती म्हणाली, "काका, जरा बसता का? मी टेम्पोतनं कांदे काढून आणते." बसलो. पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या, पिशवी उघडून उभ्या राहिल्या. मेथीची जुडी हातात घेऊन विचारलं, "काय हो, काय लावलीत?"

पाटी माझ्या डोक्यावरच टांगलेली होती. पण ती वाचायचं मला सुचलंच नाही.

"तुम्हीच काय ते द्या," मी म्हणालो.

सूनबाई कांद्याची गोण ओढत आली तोवर पाच जुड्या गेल्या होत्या. तिनं गल्ल्यातले पैसे मोजले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही आपले चहा पिऊन या."