आघाडीला खेळलेले बचावपटू

फुटबॉल संघाच्या मागच्या फळीतील खेळाडूला, एखाद-दुसऱ्या सामन्यापुरते किंवा कायमचे, सेंटर फॉरवर्ड अथवा स्ट्रायकर म्हणून पुढे खेळवण्याचा प्रकार. बहुतेक वेळा त्यामागे आधीपासून आखलेला डाव नसतो. कुणी जखमी झालेले असते, नाहीतर गोल करणारा माणूसच संघात उरलेला नसतो.

भारतात या प्रकाराचे नाव निघाले की जर्नेल सिंग आठवतो. मोहन बागानचा हा दणकट पंजाबी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, १९६२ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या बचावाचा कणा होता. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे थायलंडला ४-१ असे हरवले, पण त्या सामन्यात जर्नेलचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. टाके घातलेला स्टॉपर म्हणजे निम्माच स्टॉपर: उंचावरून गोलकडे येणारा चेंडू त्याला डोक्याने परतवावाच लागतो. पुढे खेळणाऱ्याला निदान कोणता चेंडू सोडून द्यायचा हे ठरवता येते.

प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी उपांत्य सामन्यात त्याला थेट सेंटर फॉरवर्डला उभे केले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध चुनी गोस्वामीने दोन आणि जर्नेलने एक गोल केला. भारत ३-२ असा जिंकला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. इस्राएल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती, त्यामुळे जकार्ताचे प्रेक्षक भारतावर खवळलेले होते आणि मैदानात सतत हुर्यो चालली होती. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने आणि विसाव्या मिनिटाला जर्नेलने गोल केला. कोरियाला उशिरा एकच गोल फेडता आला. भारताला २-१ असे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताच्या वाट्याला आलेले नाही.

ही कथा सांगताना जर्नेलच्या डोक्यावरची पट्टी कुणी विसरत नाही, अरुण घोष मात्र विसरला जातो. स्टॉपरची मोकळी झालेली जागा त्याने सांभाळली. त्याच्यासोबत चंद्रशेखर, त्रिलोक सिंग आणि गोलात पीटर थंगराज होते. हाफमध्ये मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. रहीम यांची खरी हुशारी इथे दिसते. मागे भरवशाचा माणूस नसताना आपला सर्वोत्तम बचावपटू पुढे पाठवणे हा निव्वळ जुगार ठरला असता. रहीम यांची ही शेवटची मोठी स्पर्धा. जून १९६३ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जर्नेल पुन्हा मागे परतला, पुढे भारताचा कर्णधार झाला आणि १९६४ चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला.

त्या काळात असे बदल आजच्यापेक्षा जास्त होत, याचे एक कारण नियमांतच होते. सामना सुरू झाल्यावर बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. इंग्लिश लीगने ती १९६५ मध्ये दिली, विश्वचषकात ती १९७० मध्ये आली. तोवर लंगडणाऱ्या बॅकला विंगवर किंवा पुढे ढकलून देणे, म्हणजे निदान प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस त्याच्यामागे गुंतून राहील, हा सर्रास चालणारा तोडगा होता.

कायमच्या बदलाचा नमुना म्हणजे वेल्सचा जॉन चार्ल्स. लीड्स युनायटेडच्या या सेंटर हाफला मेजर फ्रँक बकली यांनी १९५२ मध्ये पुढे आणले. १९५३-५४ च्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये त्याने ४२ गोल ठोकले. १९५७ मध्ये युव्हेंटसने त्याला ६५ हजार पौंडांना घेतले आणि पहिल्याच हंगामात २८ गोल करून तो इटलीत सर्वाधिक गोल करणारा ठरला. संघ आघाडीवर गेला की तो मागे येऊन बचावही करी. एका पगारात दोन माणसे! १९९२-९३ मध्ये शेफील्ड वेन्सडेच्या पॉल वॉरहर्स्टलाही अशीच बढती मिळाली. गोलांच्या जोरावर त्याला इंग्लंडच्या संघाचे बोलावणे आले, पण प्रत्यक्ष सामना खेळायला मिळाला नाही.

बचावपटूला पुढे गेल्यावर काही गोष्टी आयत्या मिळतात: उंची, धक्का सोसण्याची ताकद आणि ऑफसाइडच्या रेषेची जाण, कारण ती रेषा आजवर तोच आखत आलेला असतो. अडचण सवयींची असते. वर्षानुवर्षे त्याने हेड मारला तो चेंडू उंच आणि लांब जावा म्हणून; आता तोच चेंडू खाली, गोलरक्षकाच्या पायाशी दाबायचा असतो. शिवाय मागे असताना सगळा खेळ डोळ्यांसमोर असतो, पुढे मात्र गोलकडे पाठ करून चेंडू घ्यावा लागतो.

कॉर्नरला वर जाऊन गोल करणारा बचावपटू या नोंदीत बसत नाही. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाविरुद्ध जादा वेळेत बंगळुरूला विजय मिळवून देणारा मुंबईकर राहुल भेके त्याही दिवशी बचावपटूच होता. जेरार्ड पिकेचे प्रकरण सीमेवरचे. एप्रिल २०१० मध्ये इंटर मिलानविरुद्ध बार्सिलोनाने त्याला शेवटी स्ट्रायकरच्या जागी पाठवले आणि ८४ व्या मिनिटाला त्याने गोलही केला. दोन सामन्यांच्या एकूण गोलांत बार्सिलोना तरीही हरली.

आघाडीवरून बचावात, असा नेमका उलट दिशेचा बदलही होतो; त्याचे एक उदाहरण छत्तीसगडचे आहे. रायपूरच्या दक्षिणेकडील बालोद जिल्ह्याची किरण पिस्दा केरळ ब्लास्टर्सच्या महिला संघात आघाडीला खेळून गोल करत होती. पुढे भारतीय संघाच्या यादीत तिचे नाव बचावपटूंमध्ये येऊ लागले.