ट्युनिशियाचा खैरुद्दीन पाशा

ट्युनिशिया म्हटलं की २०११ ची क्रांती आठवते. पण अरब जगातली पहिली लिखित राज्यघटना १८६१ साली याच देशात आली होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या घटनेनुसार नेमलेल्या महासभेचा अध्यक्ष होता खैरुद्दीन. मला या माणसाचं विलक्षण कुतूहल वाटतं.

कॉकेशसमध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि इस्तंबूलमार्गे ट्युनिसच्या दरबारात पोहोचला. तिथे शिकला, सैन्यात चढला आणि १८५७ साली नौदलमंत्री झाला. त्याचा सासरा मुस्तफा खझनदार हाच पंतप्रधान. दोघांचं पटेना, तेव्हा १८६२ मध्ये खैरुद्दीनने राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी खझनदारने पॅरिसमधून जबर कर्ज काढलं. ते फेडायला डोईपट्टी दुप्पट झाली, १८६४ मध्ये बंड पेटलं आणि राज्यघटना गुंडाळली गेली.

खैरुद्दीनने या काळात एक ग्रंथ लिहिला (१८६७). युरोपची भरभराट न्याय आणि जबाबदार राज्यकारभारामुळे झाली, त्यातलं चांगलं ते घ्यायला धर्माची आडकाठी नाही, असा त्याचा रोख होता.

१८६९ मध्ये देशाच्या तिजोरीवर परकीय सावकारांचा आयोग बसला. १८७३ साली खझनदार गेला आणि जावई पंतप्रधान झाला. त्याने करवसुलीला शिस्त लावली, वक्फच्या मिळकतींसाठी मंडळ नेमलं, सार्वजनिक ग्रंथालय काढलं. १८७५ मध्ये सादिकी कॉलेज सुरू केलं. कुराण आणि अरबीबरोबर फ्रेंच, गणित, विज्ञानही तिथे शिकवत. गंमत म्हणजे खर्चासाठी सासऱ्याच्या जप्त इस्टेटीचं उत्पन्न लावून दिलं होतं!

१८७७ मध्ये त्यालाही जावं लागलं. पुढे सुलतानाने इस्तंबूलला बोलावून वजीर-ए-आझम केलं, पण ते पदही जेमतेम आठ महिने टिकलं. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्युनिशिया घशात घातला. १८९० साली खैरुद्दीन इस्तंबूललाच वारला.

मग तो हरला का? मला तसं वाटत नाही. राज्यघटना बेच्या मर्जीवर उभी होती, म्हणून तीन वर्षांत कोसळली. शाळा मात्र फ्रेंचांच्या अमलातही चालू राहिली. १९५६ मध्ये देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा हबीब बुर्गिबा याच सादिकी कॉलेजचा विद्यार्थी होता. कागदावरचे हक्क जपायला ते वाचू शकणारी माणसं लागतात. खैरुद्दीनने ती घडवण्याची सोय करून ठेवली.